‘सगळे नाहीत’ म्हणजे किती?

‘ऑल टॉवेल्स विल नॉट बी ॲक्सेप्टेड विदाउट वॉश टेस्ट रिपोर्ट इन सेट्स ऑफ व्हाइट अँड ब्ल्यू ओन्ली.’

परदेशी बायरच्या, म्हणजे खरेदीदाराच्या, ऑर्डरमधलं हे वाक्य जरा मोठ्याने वाचून बघा. यातला एकही शब्द अवघड नाही. टॉवेल, टेस्ट, रिपोर्ट, व्हाइट, ब्ल्यू हे शब्द सोलापुरात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतात. तरीही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आम्ही तिघं हे वाक्य समोर ठेवून अख्खी दुपार बसलो होतो. प्रत्येकाला त्याचा अर्थ लागत होता, फक्त तो दुसऱ्याच्या अर्थाशी जुळत नव्हता.

मी निर्यातीची कागदपत्रं करते. सोलापूरच्या पूर्व भागातले आणि एमआयडीसीतले बरेच छोटे कारखानदार असे आहेत, की माल परदेशी जातो पण त्यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बायरशी पत्रव्यवहार ही कामं ते माझ्यासारखीकडून करून घेतात. हे काम बाहेरून कारकुनी वाटतं, आणि त्यातला बराच भाग तसा आहेही. पण आठवड्यातून एखादं तरी असं वाक्य येतं, की त्यापुढे सगळं थांबतं. मला या कामात सगळ्यात जास्त रस आहे तो इथे.

ज्यांच्या ऑफिसात बसलो होतो त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, इंडी-अक्कलकोटकडून आलेल्या कामगारांशी कन्नड आणि ट्रकवाल्यांशी दख्खनी, असं दिवसभरात ते चार भाषा बोलतात, आणि एकीतून दुसरीत जाताना अडखळत नाहीत. पाचवी भाषा आली की मात्र आवाज खाली जातो. त्या दिवशीही त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘‘ताई, हे बघा की जरा. मला इंग्लिश येत नाही म्हणून अडलंय.’’

इंग्रजी येत नाही म्हणून ते अडले नव्हते. वाक्यच अडलेलं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या सुनेनं, जी कारखान्याचे हिशोब आणि पॅकिंग दोन्ही बघते, आधीच फोनवर भाषांतर करून ठेवलं होतं. यंत्रानं एक नीटनेटकं मराठी वाक्य दिलं होतं: वॉश टेस्ट रिपोर्टशिवाय सर्व टॉवेल स्वीकारले जाणार नाहीत, फक्त पांढऱ्या आणि निळ्या सेटमध्ये. वाचायला बरं वाटतं. पण कारखान्यात पांढऱ्या-निळ्या सेटबरोबर बेज रंगाच्या सुट्या टॉवेलांचीही ऑर्डर होती, आणि बेजचं सूत मागावर चढलेलं होतं. ते भाषांतर वाचून अण्णांनी निष्कर्ष काढला, की बायरला आता बेज नको, फक्त पांढरा-निळा पाठवा. सकाळपासून त्यांनी बेजचे माग थांबवून ठेवले होते.

यंत्राच्या भाषांतराबद्दल माझी तक्रार तो शब्द चुकवतो ही नाही. हल्ली फार चुकत नाही. पण दोन अर्थांच्या वाक्यातला एक अर्थ ते उचलतं आणि दुसरा होता याची खूणही शिल्लक ठेवत नाही. मूळ वाक्य वाकडं होतं, वाचणारा तिथे थबकला असता. गुळगुळीत झालेल्या वाक्यावरून माणूस सरळ पुढे जातो, आणि माग थांबतात. म्हणून अशा वेळी मी मूळ वाक्यच समोर घेते, कितीही ओबडधोबड असलं तरी.

पहिली गाठ सुरुवातीलाच आहे. ‘ऑल’ आणि ‘नॉट’. सगळे टॉवेल स्वीकारले जाणार नाहीत म्हणजे एकही स्वीकारला जाणार नाही, की काही स्वीकारले जातील आणि काही नाही? इंग्रजी व्याकरणात दोन्ही अर्थ बसतात. बोलताना आवाजाचा जोर कुठे पडला यावरून कळतं, कागदावर जोर दिसत नाही. हे फक्त इंग्रजीचं दुखणं आहे असंही नाही. सकाळी मुकादमाचा फोन येतो, ‘‘अण्णा, आज सगळे कामगार आले नाहीत.’’ हे मराठी वाक्य तितकंच दुहेरी आहे. मी अण्णांना विचारलं, मुकादम असं म्हणाला तर तुम्ही काय समजता? ते म्हणाले, ‘‘फोनमध्ये मागाचा आवाज येत असला तर थोडे आलेत. आवाज नसला तर कोणीच नाही आलं.’’ हे सांगताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. वाक्याचा अर्थ वाक्याच्या बाहेर, मागाच्या खडखडाटात आहे, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि परदेशी बायरच्या वाक्याला नेमकं हेच लावायचं होतं. त्या कागदाच्या मागे कुठला आवाज चालू आहे, तो ऐकायचा.

दुसरी गाठ शेवटच्या ‘ओन्ली’ची. आपल्याकडे हा शब्द चेकवर आणि बिलावर येतो, रुपये पाच हजार फक्त. म्हणजे इथे रक्कम संपली, यापुढे कोणी काही लिहू नये. अण्णांनी आयुष्यभर तो तिथेच पाहिलेला, त्यामुळे पांढरा आणि निळा, आणि यापुढे काही नाही, असा त्यांनी तो वाचला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसाच वाचला असता. पण इंग्रजीत हा शब्द वाक्यात कुठेही बसतो आणि दूरच्या शब्दालाही चिकटू शकतो. तो ‘सेट्स’ला लागला तर एक अर्थ, ‘रिपोर्ट’ला लागला तर दुसरा, अख्ख्या वाक्याला लागला तर तिसरा.

आणि तिसरी, सगळ्यात घट्ट गाठ मधली: ‘इन सेट्स ऑफ व्हाइट अँड ब्ल्यू’ हा तुकडा कोणाचा? टॉवेलांचा, की टेस्टचा? टॉवेल सेटमध्ये हवेत, की टेस्ट सेटमध्ये हवी? मराठीत अशा जागी बऱ्याचदा शब्दाचं रूपच सांगून टाकतं. ‘पांढऱ्या चादरी आणि टॉवेल’ म्हटलं, की पांढऱ्या चादरीच हे निदान कानाला कळतं, कारण टॉवेलांना पांढरे म्हणावं लागलं असतं. पण ‘लाल चादरी आणि टॉवेल’ म्हणा, लगेच प्रश्न उभा राहतो, टॉवेलही लाल का? कारण लाल बदलत नाही. इंग्रजीत जवळजवळ सगळीच विशेषणं आपल्या लालसारखी. कोण कोणाचं हे फक्त जागेवरून ओळखायचं, आणि घाईत लिहिणारा माणूस जागा सांभाळत नाही.

तोपर्यंत आमच्यासमोर तीन अर्थ लिहून झाले होते. मी ते व्याकरणाच्या भाषेत कधी लिहीत नाही, करायच्या कामाच्या भाषेत लिहिते. पहिला: बेज बंद करा, फक्त पांढरे-निळे सेट पाठवा, रिपोर्टसह. दुसरा: बेज पाठवा, त्याला रिपोर्टची गरज नाही, रिपोर्ट फक्त सेटना लागेल. तिसरा: सगळ्याला रिपोर्ट लागेलच, पण पांढऱ्या आणि निळ्याची वॉश टेस्ट एकत्र करा. असं लिहिलं की प्रत्येक अर्थाची किंमत दिसायला लागते. पहिल्यात मागावरचं सूत वाया. दुसऱ्यात लॅबचा खर्च वाचतो, पण अर्थ चुकला तर कंटेनर न्हावा शेवा बंदरातून गेल्यावर तिकडे अडणार. तिसऱ्यात लॅबला वेगळ्या सूचना द्याव्या लागतील.

अण्णांनी तिसरा अर्थ ऐकला आणि खुर्चीत पुढे सरकले. ‘‘एकत्र म्हणजे एकाच पाण्यात?’’

इथून पुढचा अर्थ त्यांनीच लावला, मी ऐकत होते.

टॉवेल चादरीसारखा नसतो. चादर सपाट विणलेली, टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे फास उभे असतात. त्यामुळे तो पाणी पितो, आणि रंगाईत रंगही भरपूर पितो. सुती टॉवेलाला आजकाल बहुतेक रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून पक्का बसतो. पण सगळा रंग सुताला मिळत नाही. काही भाग रंगाच्या हौदात पाण्याशीच जोडला जातो आणि निकामी होतो. तो सुताला नुसता चिकटून राहतो, आणि गरम पाण्यात साबणानं पुन्हापुन्हा धुऊन काढावा लागतो. फिक्या रंगात हे राहून गेलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. गडद निळ्यात राहिलं, तर पहिल्या धुण्याला पाणी निळं होतं, आणि त्या पाण्यात पांढरा टॉवेल असला तर तो निळसर होतो. युरोपातल्या घरात टॉवेल 60 अंशाच्या पाण्यातही यंत्रात टाकतात. पांढरा आणि निळा सेट म्हणून एकाच पट्ट्यात बांधून विकला, तर घेणारा तो घरी नेऊन एकाच वेळी यंत्रात टाकणार. त्याला कोण सांगणार, की वेगवेगळे धुवा?

लॅबमध्ये रंगाच्या पक्केपणाची जी नेहमीची चाचणी असते, तिच्यात रंगीत कापडाच्या तुकड्याला सहा वेगवेगळ्या धाग्यांची एक पांढरी पट्टी जोडतात आणि दोन्ही मिळून धुतात. त्या सहांत एक पट्टा सुती असतो. कुठल्या पट्ट्यावर किती डाग पडला, हे राखाडी छटांच्या पट्टीशी ताडून 1 ते 5 असे गुण देतात. 5 म्हणजे डाग नाही, 1 म्हणजे वाईट. ही चाचणी अण्णांचा माल नेहमीच पार करतो. पण तिच्यात पांढरी पट्टी असते ती प्रमाणित, पातळ, सपाट कापडाची. अण्णा म्हणाले, ‘‘पट्टीवर डाग नाही आला म्हणून आमच्या पांढऱ्या टॉवेलवर येणार नाही असं कुठंय? त्याला फास आहेत. तो ओढून घेतो.’’ बायरला हेच हवं असणार. पट्टीबरोबर नको, खऱ्या पांढऱ्या टॉवेलबरोबर निळा धुऊन दाखवा.

मी इतकी वर्षं इंग्रजी वाचते, पण या अर्थापर्यंत मी केवळ व्याकरणाच्या जोरावर पोचले नसते. व्याकरणानं दार कुठे कुठे आहे एवढं दाखवलं. कुठल्या दारातून माणूस आत गेला, हे ज्यानं टॉवेल रंगवलाय त्यालाच कळलं.

तेवढ्यात सुनेनं जुन्या ऑर्डरची फाइल काढली, आणि तिच्यात जे सापडलं ते मला सगळ्यात आवडलं. मागच्या ऑर्डरच्या कागदावर त्याच जागी छापील वाक्य होतं: ‘टॉवेल्स विल नॉट बी ॲक्सेप्टेड विदाउट वॉश टेस्ट रिपोर्ट.’ बस. स्वच्छ, एकच अर्थ. त्याच्या आधीच्या ऑर्डरलाही तेच. म्हणजे आमचं वाकडं वाक्य कोणी बसून लिहिलेलंच नव्हतं. जुनं वाक्य होतं, त्याला पुढून ‘ऑल’ आणि मागून ‘इन सेट्स ऑफ व्हाइट अँड ब्ल्यू ओन्ली’ अशी दोन ठिगळं लावली होती. ‘ऑल’ लावणाऱ्याच्या मनात असणार, की बेज असो वा निळा, सगळ्याला रिपोर्ट हवाच. पण नकाराच्या पुढे तो ठेवला की अर्थ फिरतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याचीही घरची भाषा इंग्रजी नाही. मागचं ठिगळ नवीन, कारण सेट ही गोष्टच या ऑर्डरमध्ये नवीन होती. पूर्वी सगळे टॉवेल सुटे जात.

मला कळलेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, म्हणून थोडी थांबून सांगते. धंद्यातली, सरकारी, विम्याची, बँकेची वाकडी वाक्यं बहुतेक वेळा अशीच तयार होतात. मूळ वाक्य बरं असतं. मग कोणाची तरी तक्रार येते, कुठेतरी नुकसान होतं, आणि पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून कोणी तरी त्याच वाक्यात आणखी चार शब्द घालतं. पूर्ण वाक्य पुन्हा लिहायला वेळ नसतो, किंवा अधिकार नसतो. म्हणून वाक्य कळत नसेल तेव्हा त्याची आधीची आवृत्ती शोधावी. नवीन काय घातलंय ते दिसलं, की कुठल्या भीतीपोटी घातलंय तेही दिसतं.

कायद्यानं या प्रश्नाशी दीडशे वर्षांहून अधिक काळ झुंज दिली आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला, आणि अनेक कलमांखाली छोटी उदाहरणं दिली. ती इतकी साधी आहेत, की मला ती वाचताना आनंद होतो. कलम 93 खालचं उदाहरण असं: अ नं ब ला घोडा विकायचा लेखी करार केला, किंमत ‘1,000 रुपये किंवा 1,500 रुपये’. यातली कुठली किंमत ठरली होती याचा बाहेरचा पुरावा देता येणार नाही. दस्तऐवज वरूनच सदोष आहे, आणि तो दोष कोर्ट भरून काढणार नाही. पण कलम 96 खालचं उदाहरण: अ नं ‘माझा पांढरा घोडा’ विकायचं ठरवलं, आणि अ कडे पांढरे घोडे दोन निघाले. इथे मात्र कुठला घोडा अभिप्रेत होता याचा पुरावा देता येतो. शब्द स्वच्छ आहेत, दुहेरीपण तबेल्यात आहे. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण तो घोडा माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आमच्या वाक्यात दोन्ही प्रकारचे दोष होते, शब्दांतला आणि तबेल्यातला.

कापसाच्या धंद्याला तर हे फार जुनं आहे. 1864 साली इंग्लंडच्या कोर्टात एक खटला निकाली निघाला. मुंबईहून येणाऱ्या ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजातून सुरती कापसाच्या 125 गाठी घ्यायच्या, असा करार होता. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला होता, लिव्हरपूलच्या बाजाराचे डोळे आपल्या कापसाकडे लागले होते. आणि मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरात, एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. डिसेंबरच्या जहाजातला माल घ्यायला घेणाऱ्यानं नकार दिला, आणि कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. करारातल्या एकाही शब्दात चूक नव्हती. कोणी तरी ‘कुठली पीअरलेस?’ एवढं विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

न विचारण्याबद्दल मला इथे थोडं तीव्रपणे बोलायचं आहे. कारण माझ्या गावात हे रोज होतं आणि त्याची किंमत माझ्या माणसांना मोजावी लागते.

बायरचं वाक्य कळलं नाही, तर आमचे लोक परत विचारत नाहीत. त्यांना वाटतं, विचारलं की आपलं इंग्रजी कच्चं आहे हे उघड होईल, आणि ऑर्डर पुढच्या वेळी दुसरीकडे जाईल. मग ते सगळ्यात भीतीचा अर्थ धरतात आणि तो पाळतात. सगळा माल दोनदा टेस्ट करतात, नको असलेलं वेगळं पॅकिंग करतात, माग थांबवतात. त्यांच्यापुढे बसलेला बायर कित्येकदा त्यांच्याइतकंच उसनं इंग्रजी लिहीत असतो, पण लाज मात्र एकाच बाजूला असते. चार भाषांत दिवसभर व्यवहार करणारा माणूस पाचव्या भाषेतल्या दुसऱ्याच्या बिघडलेल्या वाक्याबद्दल स्वतःला दोष देतो, हे मला सहन होत नाही. मी प्रत्येक ऑफिसात हेच सांगते: हे वाक्य तुम्हाला कळत नाही, कारण ते कळण्यासारखं लिहिलेलं नाही.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. या नावाला कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून किती लोकांनी कागदं केली असतील. ज्या हातांसाठी ते केलं, त्या हातांना एक प्रश्न विचारायला संकोच वाटू नये.

आणि संशयाचा भार कोणावर पडावा, हा साधा न्यायाचाही प्रश्न आहे. विम्याच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व वेळोवेळी मान्य केलं आहे, की पॉलिसीतलं वाक्य दोन अर्थांचं असेल तर ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध वाचावं. लिहिताना लेखणी तिच्या हातात होती. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध डेअरीच्या ट्रकचालकांनी याहून सुंदर लढाई जिंकली. तिथल्या कायद्यात काही कामांना जादा वेळेचा पगार लागू नव्हता, आणि त्या यादीच्या शेवटी होतं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. मालाचं वितरण हे वेगळं काम, की पाठवण्यासाठी वा वितरणासाठी केलेलं पॅकिंग एवढंच एक काम? ‘शिपमेंट’नंतर एक स्वल्पविराम असता तर प्रश्न आला नसता. चालक वितरण करत, पॅकिंग करत नसत. 2017 मध्ये अपील कोर्टानं म्हटलं, वाक्य दुहेरी आहे, आणि त्या राज्याच्या कायद्याचा हेतू कामगाराला संरक्षण देणं हा असल्यामुळे संशयाचा फायदा कामगाराला. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळानंही ती यादी अर्धविराम घालून पुन्हा लिहिली.

पण टॉवेलाच्या ऑर्डरसाठी कोणी कोर्टात जात नाही. तिथे संशयाचा फायदा नेहमी पैसे देणाऱ्याला मिळतो. म्हणून कारखानदाराला विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि कसं विचारायचं यालाही एक पद्धत आहे. ‘या वाक्याचा अर्थ काय?’ असं विचारू नये. लिहिणाऱ्याला आपलं वाक्य स्वच्छच वाटत असतं, तो तेच वाक्य पुन्हा पाठवतो. त्याऐवजी असे प्रश्न विचारावेत, की प्रत्येक अर्थाला त्यांचं उत्तर वेगळं येईल, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त देता येईल.

आम्ही दोन प्रश्न लिहिले. बेज टॉवेल पूर्वीप्रमाणे स्वतंत्र रिपोर्टसह पाठवायचे ना? आणि सेटमधला पांढरा आणि निळा टॉवेल एकाच धुण्यात टेस्ट करून रिपोर्ट द्यायचा ना? पहिल्याला ‘नाही’ आलं तर बेज बंद किंवा बेजला रिपोर्ट नको, दुसऱ्याला ‘हो’ आलं तर अण्णांचा अंदाज बरोबर. इंग्रजीत प्रत्येक प्रश्न एका ओळीत बसला. माफी मागणारं एकही वाक्य त्यात नव्हतं. ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’ हे अण्णांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी येत असे, ते मी काढून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण काही म्हणाले नाहीत.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन्हींना हो. खाली बायरनं स्वतःहून एक ओळ घातली होती, की मागच्या मोसमात दुसऱ्या पुरवठादाराचे असेच सेट विकले, पहिल्या धुण्यात पांढरे टॉवेल निळसर झाले आणि दुकानांनी माल परत केला. म्हणजे ठिगळ त्या परत आलेल्या मालाचं होतं. बेजचे माग त्याच सकाळी सुरू झाले.

अण्णांनी लॅबला पाठवण्याआधी कारखान्यातच निळा आणि पांढरा एकत्र गरम पाण्यात धुऊन बघितला. पांढऱ्याला किंचित छटा आली, खिडकीशी धरल्यावर दिसेल एवढी. त्यांनी रंगाई करणाऱ्या प्रोसेस हाऊसला फोन करून निळ्या लॉटला आणखी एक गरम साबणपाणी द्यायला सांगितलं, आणि मग नमुने लॅबला गेले. ते वाक्य चुकीच्या अर्थानं पाळलं असतं, तर ही छटा कंटेनरमधून तिकडे गेली असती.

रिपोर्ट चांगला आल्यावर बायरला कळवायचं होतं. सुनेनं स्वतः लिहायला घेतलं. मी शेजारी बसले होते, हात लावला नाही. तिनं लिहिलं, ‘वी विल डिस्पॅच बेज टॉवेल्स आफ्टर टेस्ट रिपोर्ट विथ सेट्स.’ पाठवायच्या आधी तिनं ते पुन्हा वाचलं आणि थांबली.

‘‘ताई, ह्यात सेट कुणाबरोबर जातायत? टॉवेलांबरोबर की रिपोर्टबरोबर?’’

‘‘तुम्हाला काय सांगायचंय?’’

‘‘बेज आणि सेट एकाच कंटेनरमधून जाणार. आणि रिपोर्ट आधी मेलनं जाणार.’’

तिनं वाक्य खोडलं आणि दोन केली. टेस्ट रिपोर्ट आज मेलनं पाठवत आहोत. बेज टॉवेल आणि पांढरे-निळे सेट एकाच कंटेनरमधून येतील. मग अण्णांना मराठीत वाचून दाखवलं, तेलुगूत सांगितलं, आणि म्हणाली की हे पहिल्यापेक्षा बरंच लांब झालं.

अण्णा म्हणाले, ‘‘असू दे की लांब. पाठव.’’